संकल्पात माझं नाव

आज रविवार. सकाळी वाशीममधल्या माझ्या नव्या घराची वास्तुशांत झाली. दोन खोल्या आणि पुढे ओटा, सगळं माझ्या एकटीच्या नावावर. दुपारी पंगती झाल्या, चारपर्यंत सगळे परत गेले.

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आजचं सांगायचं आहे.

पूजेसाठी मामांनी दोन पाट मांडले आणि दादा-वहिनीला हाक मारली. मला म्हणाले, "पूजेले जोडपं लागते बाई. तू मांगं बस."

मी गुरुजींना विचारलं, "संकल्पात नाव कोणाचं येईल?"

"पाटावर बसेल त्याचं."

"मग मी बसते."

मामा चिडले. "एकटी? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं जेवाले आले मामा, जेवून जातीन."

वहिनीलाच आधी हसू आलं. गुरुजी दुसरा पाट उचलायला लागले, तर मी म्हटलं, "तो राहू द्या."

आई विधवा होती. दादाच्या वास्तुशांतीला ती पूर्ण वेळ आत पुऱ्या लाटत होती. तिला कोणी पूजेला बोलावलं नाही. मीही नाही. ती जाऊन वर्ष झालं. आजचा दुसरा पाट तिचा होता, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

घर माझं आहे. मग पूजेला माझ्या शेजारी कोण हवं, हे दुसऱ्यांनी का ठरवावं? तुम्ही असता तर मागे बसला असता का?

दोन्ही पाट पुसून भिंतीला टेकवले आहेत. आता एक कप चहा ठेवते.