आधी काळं उमटतं

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. आत्याच्या काळोख्या खोलीचा पहिला नियमच तो: अंधारातलं अंधारात ठेवायचं. पण किस्से साठत जातात. आत्या धुतलेले फोटो दोरीवर चिमटे लावून वाळत घालते आणि दोरी भरली की जुने काढल्याशिवाय नवे लावता येत नाहीत. माझं तसंच झालंय. म्हणून त्यातले थोडे इथे उतरवून ठेवते.

वासंतीआत्या ही बाबांची मोठी बहीण. चिंचपोकळीला आमच्या चाळीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि ती तळमजल्यावर. आयुष्यभर तिने लोकांच्या लग्नाचे आणि शाळांचे फोटो काढले. आता ती फक्त फिल्मवर काढते, तेही काळेपांढरे, आणि घरीच छापते. तिच्या खोलीला आत एक छोटी खोली आहे. तिची खिडकी काळ्या कापडाने बंद केलेली आणि आत एकच लाल दिवा. ती काळोखी खोली.

दर रविवारी तिथे दोघं शिकायला येतात. एक पेंडसेकाका. ते गिरगावात राहतात, बँकेतून रिटायर झालेत. दुसरी रुचाताई. ती दादरची आहे आणि लोअर परळला जाहिरात कंपनीत नोकरी करते. मी पाणी भरून द्यायला जाते, असं घरी सांगितलेलं आहे.

बाबांचा बेत वेगळा होता. "जागा आपल्या दोघांच्या नावावर आहे, ताई," ते आत्याला म्हणाले. "पुढच्या वर्षी जुई दहावीत. आतल्या खोलीत तिचं टेबल लावू. दिवाळीच्या सुट्टीत खोली रिकामी करू या."

आत्या म्हणाली, "बघू."

"बघू काय? फोटो तर फोनवरही काळापांढरा होतो. एक बटण दाबायचं."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला पटकन बोलता आलं नसतं.

* * *

मी पहिल्यांदा आत गेले ती चिमटा द्यायला. आत्या म्हणाली, "आलीच आहेस तर दार लाव आणि बघ."

ट्रेमध्ये औषधाचं पाणी होतं, पाण्यात एक पांढरा कागद. आत्या ट्रे हळूहळू हलवत होती, बाळाला झोका देतात तसा. कागदावर काहीच नव्हतं. मग एका कोपऱ्यात डाग पडल्यासारखं झालं. डागाची जिन्याखालची सावली झाली. सावलीतून कठडा आला, कठड्यावर हात आला आणि हातामागून एक बाई जिना उतरत आली.

आत काही पद्धती आहेत. फोटो उमटत असताना कुणी बोलायचं नाही. उमटून झाला की प्रत्येकाने एवढंच सांगायचं, डोळा आधी कुठे गेला. 'छान' हा शब्द बंद. रुचाताईला सुरुवातीला फार जड गेलं म्हणे. तिच्या ऑफिसात सगळे दिवसभर 'छान' म्हणतात.

"आधी काळं उमटतं," आत्याने मला सांगितलं. "पांढरं सगळ्यात शेवटी. तरुण माणसाचे केस आधी येतात, मग चेहरा. म्हाताऱ्यांचं उलटं. डोळे येऊन आपल्याकडे बघत बसतात आणि केस येतच नाहीत."

मग तिने विचारलं, "तुझा डोळा आधी कुठे गेला?"

मी बऱ्याच वेळाने म्हटलं, "जिथे काहीच नव्हतं तिथे."

आत्याने रुचाताईकडे बघितलं. "हिला दर रविवारी पाणी भरायला बोलवायला हवं."

* * *

पेंडसेकाकांना मुलाने वाढदिवसाला स्मार्ट घड्याळ दिलं. बसून बसून फार वेळ झाला की ते हातावर थरथरतं आणि उजळतं.

आत्याने नवा कागद बाहेर काढला होता. लाल दिव्याखाली त्याला काही होत नाही, पण साधा उजेड लागला की तो वाया जातो. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर शांत बसलेले. एकदम त्यांचं मनगट उजळलं, पांढरंशुभ्र. घड्याळावर इंग्रजीत लिहून आलं होतं, उठून उभे राहा.

काका आज्ञाधारकपणे उठून उभे राहिले आणि काय झालं ते बघायला त्यांनी हात नेमका कागदावर धरला.

तो कागद आत्याने तरीही औषधात टाकला. सगळा काळा झाला, मधे हाताच्या सावलीपुरता राखाडी. आत्या म्हणाली, "काका, डोळा आधी कुठे गेला?"

"घड्याळाकडे," काका म्हणाले.

तेव्हापासून आत जाणाऱ्याने घड्याळ आणि फोन बाहेर तांदळाच्या डब्यात ठेवायचे, असा नियम झाला. डबा पितळेचा आहे, झाकण घट्ट. एकदा आम्ही सगळे आत होतो आणि शेजारच्या तळेकर आजी वाटीभर साखर मागायला आल्या. बाहेरून दारावर थाप पडली.

"गो वासंती, तुझे तांदूळ वाजतत!"

आत कागद उघडा होता, दार उघडता येईना. आत्या आतून ओरडली, "वाजू देत, आजी. आपोआप थांबतील."

बाहेर आजींनी डब्यावर टकटक करून बघितलं. मग म्हणाल्या, "रेशनचे काय गो?"

* * *

रुचाताई लालबागच्या मसाला गल्लीत गेली. एक अख्खा रोल संपवून आली, मिरच्यांचे ढीग, हळदीचे ढीग, धण्यांचे ढीग. आम्ही प्रिंट काढले. सगळे ढीग सारखेच राखाडी. लाल नाही, पिवळं नाही.

पेंडसेकाका चष्मा वर करून बघत म्हणाले, "रुचा, सिमेंटच्या गोदामात गेली होतीस का?"

रुचाताईचा चेहरा पडला. आत्याने तिला दुसरा रोल दिला. "परत जा. मिरचीचा रंग बघू नकोस, तो आपल्याकडे राहत नाही. ऊन कुठे पडलंय ते बघ."

पुढच्या रविवारी तिने एकच फोटो छापायला दिला. मसाला कुटणारी बाई, तोंडाला पदर बांधलेला. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती आणि तिरिपेत मिरचीची पूड तरंगत होती. पूड आधी दिसेना. भोवतालचा अंधार पूर्ण भरल्यावर कागदाच्या पांढऱ्यातच तिचे बारीक कण वेगळे होत गेले. आम्ही चौघंही वाकून बघत होतो.

पेंडसेकाकांना शिंक आली.

"काका, बोलायचं नाही," रुचाताई म्हणाली.

"बोललो कुठे?" काका म्हणाले आणि त्यांना दुसरी शिंक आली.

तो फोटो अजून आत्याच्या भिंतीवर आहे. मी जवळ जाते तेव्हा माझाही घसा खवखवतो. त्यात कुठेही लाल नाही, हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलंय.

* * *

विसर्जनाच्या दिवशी पेंडसेकाका सकाळपासून गिरगाव चौपाटीवर होते. संध्याकाळपर्यंत फोटो काढत राहिले. रविवारी आले ते अगदी नवरदेवासारखे.

आत्याने कॅमेरा हातात घेतला, बाजूचा खटका फिरवून बघितला आणि म्हणाली, "काका, हा फिरतोय, पण आत काही ओढलं जात नाहीये."

फिल्म चाकात अडकलीच नव्हती. काका दिवसभर बटण दाबत होते आणि फिल्म जागची हललीही नव्हती.

काका स्टुलावर बसले. कॅमेरा परत पिशवीत ठेवू लागले. मला वाटलं आता ते घरी जातील. आत्याने काळोख्या खोलीचं दार उघडलं. "चला आत. काय काय काढलं होतं ते सांगा."

लाल दिव्यात काका सांगू लागले. "पहिला. एक मुलगा वडिलांच्या खांद्यावर. वडिलांना मूर्ती दिसत नाहीये, मुलगा त्यांना सांगतोय. दुसरा. पाण्यात छातीभर उभा असलेला एक माणूस. सगळे समुद्राकडे बघतायत, हा एकटा मागे किनाऱ्याकडे बघतोय. मूर्ती सोडून झालीये. पाट डोक्यावर धरलाय."

ते सांगत होते आणि आत्या रिकामा ट्रे हलवत होती. आम्ही खरोखरच ट्रेमध्ये बघत होतो. पाट डोक्यावर धरलेला माणूस मला दिसला. त्याच्या कोपरावरून पाणी गळत होतं. काकांनी ते सांगितलं नव्हतं. मी तसं पुटपुटले.

काका चमकले. "गळत होतं. अगदी गळत होतं."

त्या दिवशी आत्याने दोरीवर एक कोरा कागद चिमटा लावून वाळत घातला. तो आम्ही अजून काढलेला नाही.

* * *

आता तळेकर आजींचं. हे तर अजिबातच सांगायचं नव्हतं. पण मी आजींना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग गो बाय. पण रंग तेवढो सांगू नको." म्हणून सांगते.

तळेकर आजोबांना जाऊन खूप वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा एकट्याचा फोटो आहे, हार घातलेला. एका दुपारी आजी आत्याकडे आल्या. मी बाहेरच्या खोलीत चिमटे पुसत होते.

"माझो एक फोटो काढ. त्यांच्या बाजूक लावूचो आसा. पण काळोपांढरोच हां. रंग दिसाचो नाय मां?"

"नाही दिसणार," आत्या म्हणाली.

"कसलोच?"

"कसलाच."

आजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्यांनी कनवटीतून रुमाल काढला, रुमाल सोडला आणि त्यातल्या बांगड्या एकेक करून हातात चढवल्या. हात आता जाड झालेत, त्यामुळे वेळ लागला. आत्याने घाई केली नाही. साबण आणून दिला.

आजी खिडकीजवळ बसल्या, दोन्ही हात मांडीवर समोर ठेवून. आत्याने एकच फोटो काढला. आजींनी बांगड्या उतरवल्या, रुमालात बांधल्या आणि त्या घरी गेल्या.

प्रिंट काढताना आधी त्यांचे डोळे आले, मग हात. बांगड्या शेवटी, काचेवर उजेडाची एकेक रेघ घेऊन. डोळा आधी कुठे गेला, ते आत्याने या वेळी विचारलं नाही.

तो फोटो आता आजोबांच्या फोटोशेजारी आहे. आजींचा मुलगा अँटॉप हिलवरून आला तेव्हा म्हणाला, "आई, कसा गं जुना-जुना वाटतो. रंगीत का नाही काढलास?"

आजी म्हणाल्या, "रंगीतच आसा तो."

* * *

आणि हा शेवटचा.

दिवाळी जवळ आली. रविवारी दुपारी बाबा मोजायची टेप घेऊन खाली आले. सुतार सोमवारी येणार होता, त्याला टेबलाचं माप द्यायचं होतं. पेंडसेकाका आणि रुचाताई आले नव्हते. मी बाबांच्या मागे गेले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

बाबांनी दार वाजवलं. आत्या म्हणाली, "पटकन आत ये. आणि लाव ते. कागद बाहेर आहे."

आम्ही आत गेलो, दार लागलं. बाबांना वाटलं होतं एका मिनिटाचं काम आहे.

"आता मी सांगेपर्यंत बाहेर जायचं नाही," आत्या म्हणाली. "मोज तू तुझं. पण हळू."

बाबांनी टेप भिंतीला लावली. लाल दिव्यात आकडे दिसेनात. ते आत्याजवळ सरकले. आत्याने कागद औषधात सोडला होता.

आधी दार आलं, चाळीच्या खोलीचं काळं दार. मग एका मुलाचे केस, तेल लावून चापून बसवलेले. मुलगा खाटेवर उभा होता आणि त्याच्यासमोर एक माणूस पाठमोरा जमिनीवर बसला होता. माणसाचा सदरा आला, मान आली. केस मात्र नीट येईनात. काळ्यात मधेमधे पांढरे ठिपके तसेच राहिले.

बाबा म्हणाले, "तात्यांचे केस तेव्हाच पिकले होते?"

तात्या म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना बघितलेलं नाही. बोलायचं नाही हा नियम बाबांना माहीत नव्हता, आणि आत्यानेही तो सांगितला नाही.

"कापूस आहे तो," ती म्हणाली. "गिरणीतून यायचे ते डोक्यावर घेऊन. जेवायला बसायच्या आधी तू खाटेवर उभा राहून एकेक वेचायचास. मला हात लावू द्यायचा नाहीस."

"मी?"

"रोज."

मुलाची बोटं आत्ता स्पष्ट झाली. चिमटीत काहीतरी धरलेलं होतं, इतकं पांढरं की तिथे कागदच होता.

आत्याच्या ट्रेमध्ये बोट घालायला कुणालाच परवानगी नाही. पेंडसेकाकांनी एकदा घातलं तेव्हा तिने त्यांच्या हातावर चिमटा मारला होता. बाबांनी हात पुढे केला. टेपचं टोक त्यांच्या दुसऱ्या हातातून सुटून सरकन आत गेलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी औषधात बोट बुडवलं आणि तात्यांच्या केसांतल्या एका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं, अगदी हलकेच, उचलून घ्यावा तसं.

आत्या बघत राहिली. चिमटा तिच्या हातातच होता.

ही जुनी निगेटिव्ह तिने नेमकी त्याच दिवशी का बाहेर काढली, ते मी विचारलेलं नाही. तिने एवढंच विचारलं, जे ती सगळ्यांना विचारते. "सुधीर, डोळा आधी कुठे गेला?"

बाबांनी बोट पाण्यात धुतलं, टेप खिशात ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की सुताराला... थांबा, खालून बाबा हाक मारतायत.

"जुई! तांदळाचा डबा कुठे ठेवलायस? मला आत जायचंय, फोन ठेवायचाय!"