कोपऱ्यातली सही

लढाऊ विमानांचे आराखडे करणाऱ्या आमच्या संस्थेने परवा स्वतःच्या इतिहासाचं दालन उघडलं. आम्हा निवृत्तांनाही आवर्जून बोलावलं होतं. भिंतीभर पहिल्या उड्डाणांचे फोटो, हार, हसरे चेहरे.

माझे त्या वेळचे वरिष्ठ देशमुख सर मात्र एका चौकटीपुढेच खिळले होते. आत शेपटीच्या बिजागरीचं जुनं ड्रॉइंग होतं. काचेवर बोट ठेवून ते एकेक माप पुन्हा तपासत होते.

"सर, ते विमान कधीच मोडीत गेलं," मी म्हटलं.

"हो गं. पण कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही माझी आहे ना."

 ट्रेसिंगच्या कागदावर चुकलेली रेघ आम्ही ब्लेडने खरवडायचो, तिथे कागद पातळ व्हायचा. उड्डाणाच्या दिवशी मला नेमकी तीच पातळ जागा आठवायची आणि दुरुस्त केलेलं माप तरी बरोबर असेल ना, या विचाराने तोंडाला कोरड पडायची. ही कोरड कुठल्या फोटोत येणार?

एवढ्यात शेजारच्या धावपट्टीवरून एक विमान झेपावलं. संस्थेत नव्याने लागलेल्या मुली खिडकीशी धावल्या, टाळ्या वाजवू लागल्या. आम्ही म्हातारे जागच्या जागी कान देऊन उभे राहिलो. आवाज विरला, तरी आमच्यातलं कुणी हललं नाही.

ते अजून उतरायचं होतं.