तोंड इकडे कर

अन्वर गेल्याचा निरोप त्याच्या मुलीने पाठवला तेव्हा मी भिवंडीजवळ वडप्याच्या गोडाऊनमध्ये, माझ्या काचेच्या केबिनमध्येच बसलो होतो. 'काका, अब्बा गेले. दुपारी जोहरच्या नमाजनंतर नेणार आहेत.' वाचलं, फोन पालथा ठेवला आणि समोर उभ्या ड्रायव्हरच्या कागदावर सही केली. त्याला आता दीड महिना झाला. पुढे जे लिहितोय ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

भिवंडीतल्या एकाच कारखान्यात आम्ही सतरा वर्षं समोरासमोर लूम चालवले. लूमच्या खडखडाटात कुणाचाच आवाज पोचत नाही, तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. आम्हीही आवाज न काढता आख्खी शिफ्ट बोलायचो. म्हणजे बोलायचा तोच. काल पाहिलेला पिक्चर, हिरोची चाल, निवडणुकीत कोण पडणार, नाक्यावरचा खड्डा, कुठल्या गाण्यात सनई उगाच घुसडलीय… मी तुटलेला धागा जोडायला वाकलो की सुताची रिकामी कांडी फेकून मारायचा. "तोंड इकडे कर, दिन्या! अजून इंटरव्हल न्हाय झाला!"

पुढे मी गोडाऊनला सुपरवायझर झालो, तो लूमवरच राहिला. हळूहळू त्याचे कान गेले. मग छातीने धरलं. कापसाच्या धुळीतून बाहेर पडा, नाहीतर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याच्या बायकोने, भाभीने मला फोन केला, "दिनूभाऊ, तुमच्याकडे बघा ना काहीतरी." आमच्याकडे जागा होती. बसल्या जागी पार्सलांना स्टिकर लावायचे, कानांचा त्यात काही संबंध नाही. अन्वर इस्त्रीचा शर्ट घालून आला, माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसला. आत साहेबांनी विचारलं, "माणूस कसा आहे?" मी म्हणालो, "बहिरा आहे साहेब. आणि बडबड्या. डोकं खाईल सगळ्यांचं."

बाहेर येऊन त्याला सांगितलं, जागा कालच भरली. "नसीब," एवढंच म्हणाला. रिक्षात बसेपर्यंत मला कुठल्याशा नव्या गाण्याबद्दल सांगत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा लूमवर, त्याच धुळीत.

का बोललो मी तसं? ट्रकची ये-जा असते, बहिऱ्या माणसाला धोका, असं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. तो रोज आठ तास समोर बसेल, चार लोकांत मला 'दिन्या' म्हणून हाक मारेल, ते मला नको होतं. बस.

शेवटचा भेटलो तो एका रविवारी, त्याच्या खोलीवर. टीव्हीवर जुनी गाणी लागली होती, आवाज बंद. ओठ बघूनच तो गाणं ओळखायचा. "बघ, हिरोईन ओळच चुकलीय," म्हणाला. चार शब्दांत दम लागत होता. मग टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "दिन्या, तुझी केबिन काचेची हाय."

ज्याने सतरा वर्षं माझे ओठ वाचले, त्याला बाहेर बसवून मी काचेआड…

"बहिरा म्हणालास, ते बराबर. पण डोकं खाईल?" तो हसला, त्यातच खोकला आला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "यार, मला वाटायचं, तुला पिक्चर ऐकायला आवडतात."

मी खिडकीकडे बघायला लागलो.

"तोंड इकडे कर, दिन्या."

नाही केलं. भाभीने चहा आणला, तो प्यायलो आणि निघालो.

आवडायचे रे. थेटरात जाऊन मी मोजकेच पिक्चर पाहिले, बाकीचे सगळे तुझ्या ओठांवर पाहिलेत. एवढं एक वाक्य होतं. आवाजसुद्धा लागला नसता त्याला.

आता घरी जेवताना मी टीव्हीचा आवाज बंद करतो. "मुकं काय बघत बसता?" म्हणून बायको चिडते. पडद्यावर गाणं चालू असतं, ओठ हलत असतात. मी टक लावून बघतो, पण एक शब्द लागत नाही. मला ओठ वाचता येतात, असं मी इतकी वर्षं समजत होतो. मला फक्त अन्वरचे यायचे.