कातरण कुणाचं?

माझ्या आतेबहिणीला अख्खी कापडगल्ली 'कातरी' म्हणायची. हात तसा चालायचा आणि जीभही तशीच. खडूची रेघ न मारता ती बाही कापायची, आणि समोरच्याची अब्रू कापायलाही तिला आखणी लागायची नाही. मी तिला आक्का म्हणायचो, आणि गल्ली मला मामा म्हणायची. सूड घेऊ नये असं शाळेत शिकवतात, मलाही शिकवलं. पण आक्कानं घेतलेला सूड मी बाजूला उभा राहून पाहिला, आणि सांगतो, असं सुख मला जेवणातसुद्धा मिळालेलं नाही.

आक्का गणवेशवाल्या शेठच्या दुकानात कापणीला होती. पुढे दुकान, मागे कापायची मोठी टेबलं. हे शेठ स्वतःही एकेकाळी कापणारेच. "मी चिंध्यांतून दुकान उभं केलं," हे त्यांचं पालुपद. बारसं असो, मयत असो, कुणी सापडला की गोष्ट सुरू. ऐकणारा घड्याळ बघायला लागला की शेठ त्याचा हात धरून ठेवायचे.

आता गल्लीचा एक रिवाज समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. ताग्यातून कपडा कापला की कडेला जे टीचभर, तिरकं-वाकडं उरतं ते कातरण. ते कापणाऱ्याचं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे; पण संध्याकाळी जो तो आपापलं कातरण पिशवीत भरून घरी न्यायचा. आक्का त्यातून झबली, पिशव्या, गोधड्या शिवायची.

पुढे शेठनी आपल्या भाच्याला तिच्या डोक्यावर आणून बसवलं. त्या भाच्याला कात्रीची मूठ कुठली नि पातं कुठलं तेही सांगावं लागे. आक्कानं काम सोडलं आणि बरोबर समोरच्या गाळ्यात स्वतःचं दुकान थाटलं. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिच्याकडे यायला लागलं. आणि एके दिवशी पोलीस आले. शेठची तक्रार काय, तर या बाईनं वर्षानुवर्षं दुकानातलं कापड चोरलं. कातरणाची पोती उचलली, गोधड्या उचलल्या, शिवायचं मशीनही नेलं, आणि आक्कालाही नेलं.

चौकीत तिला बाकावर बसवलं होतं. समोर शेठ चहा पीत उभे. मला बघून म्हणतात, "या मामा. बघा, तुमची कातरी बोथट झाली."

जामीन झाला, बाहेर पडलो, तेव्हा आक्का एवढंच म्हणाली, "मला सुटायचं नाहीये. मला हा माणूस पिंजऱ्यात उभा राहून स्वतःच्या तोंडानं थुंकलेलं गिळताना बघायचाय."

आमचे दाजी, म्हणजे तिचे यजमान, इस्त्रीचं काम करायचे. माणूस इतका मऊ की त्यांच्यावरच कुणीतरी इस्त्री फिरवली असावी. ते म्हणाले, "अगं, आधी सुट तरी."

आधी एका मोठ्या वकिलाकडे गेलो. इमारत काचेची, खुर्च्या अशा की बसलं की उठवेना. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "गुन्हा कबूल करून टाका, बाई. वय बघून कोर्ट दंडावर सोडेल."

"केलेल्या चोरीचा दंड भरतात ना साहेब?" आक्का उठली. "आणि तुमच्या कोटाची डावी बाही खांद्यात उसवलीय. ती आधी बघा."

जिन्यावरच ती म्हणाली, "विंचवाकडे जाऊ."

दाजींनी कठडा धरला. "विंचवाकडे? नको गं!"

विंचू म्हणजे आमच्याच भागातला वकील. पिठाच्या गिरणीवर त्याची खोली. काळा कोट कायम राखाडी दिसायचा. आक्का-दाजींचा शेजाऱ्याशी भिंतीचा वाद झाला होता तेव्हा तो शेजाऱ्याच्या बाजूनं उभा होता. त्यानं दाजींना साक्षीत असं काही पिळलं की दाजी भर कोर्टात रडले. भिंत तर गेलीच, वर शेजाऱ्याची माफी मागून आले. तेव्हापासून आक्का त्याच्या नावानं बोटं मोडायची.

आम्हाला दारात बघून विंचूही चपापला. "वहिनी, तुम्ही? तुम्ही तर मला भर बाजारात शिव्या घातल्या होत्या."

"अजूनही घालते. मेल्या, माझ्या नवऱ्याला रडवलंस. तसंच आता त्या शेठला रडव."

विंचू हसला. खुर्चीवरचं पीठ त्यानं स्वतः झटकलं आणि दाजींना आधी बसवलं. दाजी अगदी कडेवर टेकले.

सगळं ऐकून त्यानं एकच प्रश्न विचारला, "शेठ बोलका आहे का?"

आम्ही तिघंही हसलो. त्याला उत्तर मिळालं.

पहिल्या तारखेला शेठनी शपथेवर ठणकावून सांगितलं, "माझ्या दुकानातला दोरासुद्धा माझा. कातरण मालकाचं, कापणाऱ्याचा त्यावर काडीचा हक्क नाही." उलटतपासणी पुढच्या तारखेवर गेली. विंचू कागद आवरायला लागला. आक्का मात्र मागे वळून शेठच्या कापणाऱ्यांकडे नुसतं बघत होती. ती पोरं तिच्याच हाताखाली कात्री धरायला शिकलेली.

दुसऱ्या दिवसापासून एकानंही कातरण घरी नेलं नाही. संध्याकाळी सगळे ओंजळी भरभरून पुढे दुकानात यायचे. "शेठ, तुमचा माल." "शेठ, हाही तुमचाच." निळ्या-खाकी चिंध्यांचा ढीग आधी गल्ल्याखाली गेला, मग गल्ल्यावर आला. शेठ म्हणाले, कचऱ्यात टाका. तेवढ्यात सरकारी वकिलाचा निरोप आला: एक चिंधी टाकाल तर खबरदार! जे तुम्ही कचऱ्यात टाकता ते बाईनं चोरलं, असं कोर्टात कसं सांगू?

झालं! ठेवावं तर दुकान बुडतंय, टाकावं तर खटला. गिऱ्हाईक चिंध्या तुडवत आत शिरायचं आणि एका पायातली चप्पल शोधत बाहेर यायचं. आक्का समोर बसून सगळं बघायची. दोन घास जास्त जेवायला लागली.

शेवटी शेठनी निरोप धाडला: तक्रार मागे घेतो, मिटवून टाकू. दाजींनी देवाला हात जोडले. विंचूसुद्धा म्हणाला, "वहिनी, घ्या. दगडाखालचा हात आधी काढावा. साक्षीदार पिंजऱ्यात कधी काय बोलेल याचा नेम नसतो. उद्या शिक्षा झाली तर तुरुंग आहे, माहेर नाही."

"मिटवलं तर गल्ली काय म्हणेल? शेठनी दया करून चोरटीला सोडली. मरेपर्यंत तेच ऐकू का? हात राहू दे दगडाखाली."

तोंडानं असं म्हणाली खरी. पण त्या दुपारी तिला सुईत दोरा ओवता येईना. तीनदा प्रयत्न केला, मग सुई दाजींच्या पुढे धरली. त्यांनी ओवून दिली.

उलटतपासणीला विंचू लोण्यासारखा मऊ. "शेठ, तुमच्यासारखी माणसं भागाचं भूषण. एवढं दुकान उभं केलंत, कसं हो?"

सरकारी वकील उठला, याचा खटल्याशी काय संबंध म्हणाला. पण शेठ कुठले थांबतात! छाती पुढे आली. "साहेब, चिंध्यांतून उभं केलंय. मालकाकडे कापायला होतो. रोज संध्याकाळी कातरण घरी न्यायचो, आई त्याच्या टोप्या शिवायची, मी दारोदार विकायचो."

"अरेरे, केवढे कष्ट! मालकाची परवानगी काढायलाही किती हेलपाटे पडले असतील."

"परवानगी कसली त्यात?" शेठ खेकसले. "कातरण कापणाऱ्याचंच असतं!"

शिपायानं तोंडावर हात धरला. शेठनी विंचवाकडे पाहिलं, न्यायाधीशांकडे पाहिलं, मग आक्काकडे पाहिलं, आणि खरंच, मोठ्ठा आवंढा गिळला.

"मला आणखी काही विचारायचं नाही," विंचू म्हणाला आणि खाली बसला. दाजींनी मागून त्याचा कोट थोपटला. पिठाचा ढग उडाला.

आक्का निर्दोष सुटली, मशीनही परत मिळालं. तुम्हाला वाटेल संपलं. मला तर खरी चव इथून पुढे लागली.

शेठ सरळ दुकानात गेले आणि हमालाला म्हणाले, "उचल सगळा ढीग, टाक उकिरड्यावर." तेव्हा आक्का रस्ता ओलांडून, काम सोडल्यापासून पहिल्यांदा, त्या दुकानात शिरली.

"हात लावू नका, शेठ. कातरण कापणाऱ्याचं, तुम्हीच कोर्टात सांगितलंत. दुसऱ्याचा माल विचारल्याशिवाय उचलला तर त्याला काय म्हणतात, ते चौकीत विचारून या."

"मग ज्याचं त्यानं घेऊन जावं की!"

"नेतील. त्यांच्या सवडीनं."

पोरांना सवड काही होईना. शाळा उघडायचे दिवस तोंडावर, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. शेवटी शेठनी स्वतः पोती भरली. हमाल यायला तयार नव्हता. त्याची बायको आक्काकडेच शिवायला होती. मग भर दुपारी, सगळी गल्ली दारात उभी असताना, शेठ एकेका कापणाऱ्याच्या घरी पाठीवर पोतं घेऊन गेले. प्रत्येक दारात म्हणायचे, "हा तुमचा माल."

आक्काच्या वाटणीचं, काम सोडण्याआधीचं एक पोतं मागच्या खोलीत राहून गेलं होतं, ते सगळ्यात शेवटी. धापा टाकत त्यांनी ते तिच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि सदऱ्यानं तोंड पुसलं. मला वाटलं, आता ती पाणी तरी विचारेल.

आक्का मशीनवर होती. तिनं मान वर केली नाही.

"तिथं नको, शेठ," ती म्हणाली. "गिऱ्हाईक अडतं. आत आणून ठेवा."