सोलरची धार बारीक झाली तेव्हा
चौथीपर्यंतच शिकले, म्हणून शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वाकडं आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आज नळाच्या गरम पाण्याला गंजका वास आला आणि वसमतचं सासर आठवलं. तिथं गच्चीवर पाणी तापवायचा सोलर होता, वर थोरल्या जाऊबाई राहायच्या आणि खाली आम्ही. एका हिवाळ्यात थंड पाणी जोरात यायचं, पण गरम पाण्याची धार सुतळीएवढी झाली. जाऊबाई जिन्यातून ओरडल्या, “खाली कॉक सोडून सगळं गरम पाणी घेती ही! माहेरी गरम पाणी कधी पाह्यलंय का?” मी म्हणाले, “न्हाई वो बाई, आमचीबी धार बारीकच हाय.” कुणी ऐकलं नाही. माझ्या हळद काढणीच्या मजुरीतले पाचशे रुपये सासूबाईंनी प्लंबरसाठी काढून घेतले. प्लंबरनं गच्चीवरच्या थंड पाण्याच्या टाकीत हात घातला, तर सोलरकडं जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला फडकं बांधलेलं, लाल गाळानं गच्च भरलेलं. ते जाऊबाईंच्या जांभळ्या साडीचं होतं. “बोअरचा गाळ सोलरमधी जाऊ नये म्हून बांधलं. काय चुकलं माझं?” त्या उलट माझ्यावरच डाफरल्या. मला भांडता येत नव्हतं. मी ते निथळतं फडकं हातात धरून त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांची पुसलेली फरशी लाल झाली. “काहून उभी राहिली गं भुतासारखी?” मी म्हणाले, “माझे पैसे.” त्यांनी दार आपटलं, मी हलले नाही. आमचं बोलणं आजही बंद आहे. पण त्या दिवशी ऊन उतरताना दार उघडलं आणि माझे पाचशे रुपये माझ्या पायाशी येऊन पडले, पुरेच्या पुरे.