पायरीवरचं नाव

ओल्या चुन्याचा वास आला की दीक्षितपुऱ्यातलं जुनं वाचनालय आठवतं. तिथेच अभ्यास करून मी घरातला पहिला पदवीधर झालो. वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी वर्गणी निघाली आणि देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरायची ठरली. तिथे झाडलोट करणाऱ्या काकूंनी वारलेल्या मुलाच्या नावानं आपली जपलेली नथ दिली. उद्घाटनाला त्या नवी साडी नेसून आल्या. व्यापाऱ्यांची नावं भिंतीवर होती, मुलाचं पायरीच्या फरशीवर, चपलांखाली. “भैया, माह्या पोरावर पाय देऊन राहिले लोकं,” त्या चिटणिसांना म्हणाल्या. चिटणीस हसले. “अच्छा, मग पुसत जा ना. फरशी तुम्हीच तर पुसता.” काकू मरेपर्यंत पुसत राहिल्या. त्यांच्या फडक्यानं आणि आमच्या पायांनी आता अक्षरं गेली आहेत. इमारत भक्कम आहे.