डोमाजी गप्प झाला की

आर्वीच्या भाजीबाजारात सकाळचा हर्रास बोलणारे तिघे-चौघे आहेत, पण आवाज म्हणावा तर डोमाजीचाच. वांग्याची पाटी समोर आली की तो भाव असा चढवत नेतो की घेणाऱ्याला खिशाचा विसर पडावा. त्याचा एक नियम साऱ्या बाजाराला पाठ होता. डोमाजी गप्प झाला की शेवटची बोली पक्की. मग कोणी कितीही विनवण्या करो, ती पाटी पुन्हा बोलीवर चढत नसे. नियम त्यानेच घातलेला आणि त्याचा त्याला भारी तोरा.

अशा माणसाच्या छातीत मधूनच धडधड सुरू व्हायची. एकदम सुरू, एकदम बंद. तेवढ्या वेळात डोळ्यांपुढे अंधारी यायची, हातपाय गळायचे. डोमाजीने तिला गॅस ठरवलं आणि ओवा चावत दोन-तीन वर्षं काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत छाती शहाण्यासारखी चालायला लागलेली असे, ईसीजीच्या पट्टीवर काही उमटत नसे आणि स्वारी जिंकल्यासारखी घरी येई. शेवटी एकदा धडधड पट्टीवर सापडली, आणि बायको अनुसयाबाईने त्याला वर्ध्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हृदयात विजेची एक जादा वाट आहे, ठोका तिच्यात शिरला की गोल फिरत राहतो. रोज गोळी घेतली तर त्रास कमी होईल, पण थकवा येऊ शकतो. नाहीतर जांघेतल्या शिरेतून तार घालून ती वाट जाळायची. बहुतेक जण त्यातून कायमचे बरे होतात, क्वचित एखाद्याच्या मूळ वाटेलाच धक्का लागतो आणि मग छातीत ठोके चालवणारं यंत्र बसवावं लागतं. तोवर धडधड सुरू झाली की खाली बसून श्वास कोंडायचा आणि कुंथल्यासारखा पोटातून जोर लावायचा.

डोमाजीला हे शेवटचं तेवढं पसंत पडलं. गोळी त्याने आठवडाभरातच सोडली.

"काऊन सोडली?" अनुसयाबाईने विचारलं.

"आवाज चढत नाई तिच्यानं."

"मंग तार टाकून घ्या."

"यंत्र बसलं तं बाजारात मले कोन उभं करन?"

बाजाराचं नाव पुढे होतं एवढंच. खरं म्हणजे तो घाबरला होता.

मग एका सकाळी वच्छला या शेतकरणीची पाटी आली. पहिल्या तोड्याची वांगी, काळीभोर, देठाला काटे. बोली रंगात आली आणि डोमाजीच्या छातीने उचल खाल्ली. तो ओट्यावर बसला, डोळे मिटले, श्वास कोंडला. डोळे उघडले तेव्हा भैय्याजी व्यापारी पाटी उचलत होता.

"तू गप्प झाला, डोमाजी. शेवटची बोली माहीच होती."

भाव अर्ध्यावरच राहिला होता. बोली पुन्हा चढवायची तर गप्प का झालो ते चारचौघांत सांगावं लागलं असतं. डोमाजीने मान खाली घातली. वच्छलाने मिळाले तेवढे पैसे पदराला बांधले आणि ती निघून गेली. ती चार शब्द बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली. पाटी डोक्यावरच धरून तिने त्याचं तोंड निरखलं.

"भाऊ, आज बरं हाय ना? उतरवू का थांबू?"

तिच्यामागे आणखी दोघी-तिघी पाट्या डोक्यावर घेऊनच उभ्या होत्या आणि त्यांचीही नजर त्याच्या तोंडावरच होती. कोणाला काही माहीत नाही, असं डोमाजी इतके दिवस धरून चालला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने तिथूनच घरी फोन लावला. "वर्ध्याची तारीख घे. तारेचीच." मग शेजारच्या ओट्यावर हर्रास बोलणाऱ्या चंद्रभानला हाक मारली, "ह्या पाट्या आज तू बोल." असं तो जन्मात कधी म्हणाला नव्हता.

"बरा झालो का माह्याचकडे येजो," तो वच्छलाला म्हणाला.

"पयले तू तं वापस ये," ती म्हणाली आणि पाटी सावरत चंद्रभानच्या ओट्याकडे वळली.